अंगातल्या पाण्याचे चित्र

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये सकाळी दहाच्या सुमारास उभे राहिले, की अर्ध्या मराठवाड्याची गाठ पडते. किनवट-माहूरकडची मंडळी येतात, हिंगोलीची येतात, उमरखेडची येतात, सीमा ओलांडून तेलंगणातलीही येतात. तिकडे लातूरला उदगीर-निलंग्याची, औसा-उमरग्याची आणि बिदरकडची रीघ लागलेली असते. बहुतेकांच्या हातात एक भलीमोठी पिशवी आणि पिशवीत काळ्या फिल्मा. कोणाच्या बोलण्याकडे सहज कान दिला, तरी एक शब्द पुन:पुन्हा ऐकू येतो – एमआरआय. "आबाचा एमआरआय काढायचा सांगितलाय." "काढला की माय, पण काय निघालं ते काही कळंना."

एके काळी या तपासणीसाठी इकडच्या माणसाला हैदराबाद, सोलापूर नाही तर थेट पुणे-मुंबई गाठावी लागे. आता नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत ही यंत्रे आली आहेत. शब्दही घरोघर पोहोचला. पण त्या बोगद्यासारख्या यंत्रात नेमके होते तरी काय, हे विचारले तर सांगणारा विरळा. कोणी म्हणतो, तो मोठा एक्स-रे. कोणी म्हणतो, त्यात अंगात वीज सोडतात. कोणी आणखी पुढे जाऊन सांगतो, की आत गेलेल्या माणसाची ताकद कमी होते! सोयाबीनच्या पट्टीतले पैसे बाजूला काढून माणूस ज्या तपासणीला जातो, तिच्याविषयी इतके अज्ञान असावे हे बरे नव्हे. कारण या अज्ञानाची किंमत कधी पैशांत, कधी भीतीत, आणि एखाद्या वेळी प्राणांतही मोजावी लागते.

एक्स-रे नव्हे

पहिली गोष्ट, एमआरआयचा क्ष-किरणांशी काहीही संबंध नाही. १८९५ साली राँटगेन यांनी शोधलेले क्ष-किरण शरीरातून आरपार जातात आणि हाडांपाशी अडतात. त्यामुळे फिल्मवर हाडांची सावली उमटते. मोडलेला हात दाखवायला एक्स-रेसारखे दुसरे स्वस्त साधन नाही. सीटी स्कॅन हाही क्ष-किरणांचाच खेळ. तेथे नळी शरीराभोवती फिरवून अनेक बाजूंनी सावल्या घेतात आणि गणकयंत्र त्यांची जुळणी करते.

पण मेंदू, मज्जारज्जू, मणक्यांमधल्या गाद्या, गुडघ्यातले स्नायुबंध हे सारे मऊ अवयव. त्यांची सावली पडणार ती धूसर. एमआरआय सावली पाहतच नाही. तो पाहतो पाणी.

लातूरकरांना पाण्याची किंमत सांगावयास नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरला पोहोचली, ती आठवण अजून ताजी आहे. जमिनीवर कोठे पाणी आहे, कोठे नाही, यावर गावाची प्रकृती कळते. शरीराचेही तसेच आहे. आपल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच आहे. चरबीत ते कमी, मेंदूत पुष्कळ, हाडाच्या कठीण भागात अगदी थोडे. जेथे सूज येते तेथे पाणी साठते, गाठ झाली की पाण्याचे प्रमाण बदलते, मणक्यामधली गादी झिजली की ती सुकते. शरीराच्या प्रत्येक कोपऱ्यात पाणी किती आणि कशा स्थितीत आहे, याचा नकाशा काढता आला, तर रोगाचा पत्ता आपोआप लागेल. एमआरआय हा तो नकाशा होय.

यात्रेतले भोवरे

पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एकच प्रोटॉन. तो स्वत:भोवती फिरणाऱ्या भोवऱ्यासारखा वागतो आणि त्यामुळे एक इवलेसे लोहचुंबक बनतो. आपल्या अंगात असे असंख्य भोवरे आहेत. एरवी त्यांची तोंडे माळेगावच्या यात्रेतल्या गर्दीसारखी वाटेल त्या दिशेला असतात. कोणी घोड्यांच्या बाजाराकडे पाहतो आहे, कोणी खंडोबाच्या देवळाकडे, कोणी पाळण्याकडे. एकाचे चुंबकत्व दुसऱ्याने मारले जाते आणि बाहेर काहीच जाणवत नाही.

माणसाला एका प्रचंड चुंबकाच्या पोटात निजवले, की या गर्दीला थोडी शिस्त येते. काही भोवरे चुंबकाच्या दिशेने वळतात, काही उलट्या दिशेने. गंमत अशी, की दोन्ही पक्ष जवळजवळ सारखे भरतात. नेहमीच्या यंत्रात दहा लाखांमागे अवघे पाचच भोवरे चुंबकाच्या बाजूला जास्त निघतात! परंतु थेंबभर पाण्यातही अणूंची संख्या इतकी अफाट असते, की दहा लाखांतल्या या पाचांचा आवाज यंत्राला ऐकू येतो.

आता हे भोवरे नुसते उभे नसतात. जमिनीवरचा भोवरा डुलतो, तसे तेही डुलतात. नेहमीच्या यंत्राच्या चुंबकात त्यांचा डुलण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख वेळा असतो. बरोबर तितक्याच कंपनांच्या रेडिओलहरी शरीरावर सोडल्या, तर काय होईल? झोपाळ्यावर मूल बसले आहे आणि आपण नेमक्या तालात हलके धक्के देत आहोत. दोन-चार धक्क्यांत झोपाळा उंच जातो. ताल चुकला, तर जोर लावूनही काही उपयोग नाही. ताल जुळल्याने होणाऱ्या या परिणामाला शास्त्रात अनुस्पंदन म्हणतात. एमआरआय या नावातला मधला शब्द याच अर्थाचा.

रेडिओलहरींनी भोवरे आडवे केले, की लहरी बंद करतात. मग भोवरे सावकाश पूर्वस्थितीला येऊ लागतात आणि येता येता स्वत:च बारीक रेडिओसंदेश सोडतात. यंत्र तो टिपून घेते. म्हणजे आपण हाक मारावयाची आणि अंगातल्या पाण्याने ओ द्यावयाची, असा हा प्रकार. घरातल्या एफएमच्या पट्ट्याच्या थोड्या खालीच ही लहर येते. म्हणून खोलीच्या भिंतींत बहुधा तांब्याचा पत्रा बसवतात. बाहेरचे स्टेशन आत शिरले, तर पाण्याची ओ ऐकू कशी येणार?

आता खरी मौज पुढे आहे. प्रत्येक ठिकाणचे पाणी सारख्याच वेळात पूर्ववत होत नाही. चरबीतले भोवरे सुमारे पाव सेकंदात ताळ्यावर येतात, तर मेंदूभोवतीच्या पाण्यातले चार-चार सेकंद घेतात. निरोगी भाग आणि सुजलेला भाग यांच्या वेळांतही फरक पडतो. या फरकातूनच चित्रातले काळे-पांढरे रंग भरले जातात. एकाच जागेची चित्रे दोन-तीन निरनिराळ्या प्रकारांनी काढतात, ती याच कारणासाठी. एकात चरबी पांढरी दिसते, दुसऱ्यात पाणी आणि सूज पांढरी उठून दिसते. डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहतात.

ओ आली, पण कोठून?

येथवरचे शास्त्र १९४६ पासून ठाऊक होते. अमेरिकेत हार्वर्डला पर्सेल यांनी मेणावर आणि स्टॅनफर्डला ब्लॉख यांनी पाण्यावर हा प्रयोग स्वतंत्रपणे केला. दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पंचवीस वर्षे रसायनशास्त्रज्ञ परीक्षानळीतल्या पदार्थांची ओळख पटवण्यासाठी ही युक्ती वापरत राहिले. १९७१ साली रेमंड डमाडियन या डॉक्टरांनी दाखवून दिले, की उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींतले पाणी निरोगी भागातल्या पाण्याहून उशिरा पूर्ववत होते. पण ओ शरीराच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यातून आली, हे कसे ओळखावे?

ती किल्ली पॉल लॉटरबर यांना सापडली. १९७१ साली एका उपाहारगृहात खाता खाता त्यांना सुचले, की चुंबकाची ताकद सगळीकडे सारखी ठेवूच नये, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ती थोडी थोडी वाढवत न्यावी. पेटीवर डावीकडून उजवीकडे जावे तसा स्वर चढत जातो. डोळे मिटूनही स्वरावरून कळते, की बोट कोणत्या पट्टीवर आहे. तसेच येथे. जेथे चुंबक किंचित प्रबळ तेथले भोवरे किंचित वेगाने डुलणार आणि त्यांचा स्वर किंचित वर लागणार. स्वरावरून जागा ओळखता येणार. लॉटरबर यांनी ही कल्पना लिहून पाठवली, तेव्हा 'नेचर' या विख्यात नियतकालिकाने ती आधी परत केली. शेवटी मार्च १९७३ मध्ये ती छापून आली. त्यातले चित्र होते पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे! इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी पुढे गणित आणि वेग यांत मोठी भर घातली.

माणसाच्या शरीराचे पहिले चित्र ३ जुलै १९७७ रोजी डमाडियन यांच्या यंत्रावर निघाले. प्रथम ते स्वत: आत बसले होते, पण यंत्राला काही ऐकू येईना. आपल्या अंगावरची चरबी आड येते आहे, असा निष्कर्ष काढून त्यांनी लॅरी मिंकॉफ या सडपातळ सहकाऱ्याला बसवले. छातीच्या एका आडव्या छेदाचे चित्र निघावयास जवळजवळ पाच तास लागले. पुढे २००३ चे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले, डमाडियन यांना नाही. तेव्हा त्यांच्या बाजूने वर्तमानपत्रांत पानपानभर निषेधाच्या जाहिराती झळकल्या. शास्त्रज्ञही शेवटी माणसेच!

आरंभी या तपासणीच्या नावात 'न्यूक्लिअर' असा शब्द होता. अर्थ एवढाच, की हे काम अणूच्या केंद्राशी आहे. परंतु लोकांना त्यातून अणुबॉम्ब आठवू लागला, म्हणून तो शब्द गाळण्यात आला. वस्तुत: क्ष-किरणांपासून जो किरणोत्सर्गाचा धोका असतो, तो येथे मुळीच नाही. ताकद कमी होते, वगैरे गोष्टी निव्वळ कल्पित आहेत.

भिंतीआडची थंडी आणि जमखंडीचे ग्रहण

ज्या पृथ्वीच्या चुंबकत्वावर होकायंत्राची सुई फिरते, त्याच्या तीस हजार पटींहून अधिक ताकद या यंत्राच्या चुंबकात असते. अशी ताकद साध्या तारेतून आणावयाची, तर तार तापून वितळेल. त्यावर उपाय म्हणजे थंडी. काही धातू अतिशय गार केले, की विजेला त्यांच्यात अडथळाच राहत नाही. एकदा वीज सोडली, की ती वर्षानुवर्षे आपोआप फिरत राहते. त्यासाठी तारांचे वेटोळे द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांवर ठेवतात. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे ऊन तापत असते आणि भिंतीआड ही अशी थंडी!

या हेलियमच्या शोधाचा एक धागा आपल्याकडचाच आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दख्खनवरून गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी आणि गुंटूरला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ दुर्बिणी रोखून बसले होते. सूर्याच्या ज्वालांच्या प्रकाशात त्यांना रंगीत रेषा दिसल्या. त्यांतली पिवळसर रेषा सोडियमची असावी, असा प्रथम समज झाला. त्याच वर्षी इंग्लंडमधून लॉकयर यांनी ती पुन्हा पाहिली आणि ती नव्याच मूलद्रव्याची ठरली. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर ते रॅमसे यांना १८९५ साली सापडले. सूर्यावर प्रथम दिसलेला वायू आज नांदेड-लातुरात रोग्याच्या कामी यावा, हा योग खराच नवलाचा.

लाइट गेली तरी चुंबक चालूच

या थंडीतून एक अशी गोष्ट निघते, जी घरातल्या प्रत्येकाने पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. हा चुंबक कधीच बंद नसतो. रात्री, रविवारी, दिवाळीच्या सुटीत, भारनियमनात लाइट गेली असतानाही तो तितक्याच ताकदीने ओढत असतो. यंत्राचा आवाज थांबला, दिवा विझला, म्हणजे ते बंद झाले असे नव्हे. चुंबक तातडीने उतरवण्याची सोय असते, पण त्यात सारा हेलियम वायू होऊन उडून जातो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात प्राणवायूचे नळकांडे या खोलीत नेले गेले. चुंबकाने ते खेचले आणि दोन कर्मचारी नळकांडे व यंत्र यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात याहून भयंकर घडले. रुग्णाबरोबर आलेला बत्तीस वर्षांचा नातेवाईक हातात तसेच नळकांडे घेऊन आत गेला. क्षणार्धात तो नळकांड्यासकट यंत्राकडे ओढला गेला, आणि फुटलेल्या तोटीतून सुटलेल्या प्राणवायूने त्याचा जीव घेतला. आपल्या माणसाला मदत करावी, एवढाच त्याचा हेतू होता.

म्हणून दारातला तंत्रज्ञ जे विचारतो, त्याला कंटाळू नये. "मामा, खिशात लोखंडाचं काही हाय का?" "काही नाही बाबा, नुसता अडकित्ता हाय." असे संवाद गमतीचे वाटतात खरे, पण तो अडकित्ता आत गेला तर गंमत राहत नाही. चुन्याची डबी, किल्ल्या, मोबाइल, केसांच्या पिना, परकराला लावलेली सेफ्टी पिन, सारे बाहेर. सोन्या-चांदीला चुंबक ओढत नाही, तरी ते तापू शकते आणि चित्र बिघडवते. म्हणून जोडवी, मंगळसूत्र, करदोटाही काढून ठेवावा.

अंगात काय आहे, हे सांगणे तर त्याहून महत्त्वाचे. हृदयाचा पेसमेकर, कानात बसवलेले यंत्र, मेंदूच्या रक्तवाहिनीला लावलेली चाप, मोडलेल्या हाडातील पट्टी, यांपैकी काही असेल तर शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत. टायटॅनियमच्या पट्ट्या बहुधा चालतात, काही नवे पेसमेकरही चालतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. लेथवर किंवा वेल्डिंगचे काम केलेल्याने डोळ्यात कधी कण गेला होता का, ते अवश्य सांगावे. गरोदर स्त्रीने तसे आधी सांगावे. काही वेळा शिरेतून औषध देऊन चित्रे काढतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्याचीही कल्पना द्यावी.

आत गेल्यावर वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत निश्चल पडून राहावे लागते. घण मारल्यासारखा ठकठक आवाज होतो, कारण चुंबकाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या वेटोळ्यांतली वीज सतत बदलते आणि ती वेटोळी थरथरतात. कानात बोळे किंवा हेडफोन देतात. हातात एक रबरी फुगा असतो. घाबरे झाल्यास तो दाबावा, माणूस लगेच येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांना हे सारे आधीच समजावून सांगितले, तर निम्मी भीती बाहेरच राहते.

कोठे हवा, कोठे नको

आता मुद्द्याचे. एमआरआय कोठे खरोखर उपयोगी? मणक्याच्या क्षयाचे उदाहरण घ्या. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, आणि क्षय नुसता छातीचा नसतो. पाठ महिनोन्‌महिने दुखते आहे, संध्याकाळी कणकण येते, वजन घटते आहे. माणूस तेल चोळून आणि पट्टा बांधून दिवस काढतो. साध्या एक्स-रेत हाडाचा बराच भाग झिजल्यावाचून काही दिसत नाही. तोवर पायांतली शक्ती जाऊ लागते. एमआरआयमध्ये मणक्यातली सूज, त्यामागचा पू आणि मज्जारज्जूवरचा दाब फार लवकर दिसतो. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वेळेवर निदान झाले, तर आयुष्यभराचे पांगळेपण पुष्कळदा टळते.

मेंदूतली गाठ, मज्जारज्जूचे विकार, फिट्सचे कारण, गुडघ्यातला तुटलेला स्नायुबंध, यांतही या तपासणीला तोड नाही. पक्षाघातात रक्त न पोहोचलेला मेंदूचा भाग ती फार लवकर दाखवते. तथापि तेथे बहुधा आधी सीटी स्कॅन करतात, कारण ते मिनिटांत होते आणि रक्तस्राव आहे की नाही हे चटकन सांगते. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अशा वेळी "एमआरआयच काढा" म्हणून हट्ट धरणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे होय.

आणि साधी कंबर दुखते तेव्हा? १९९४ साली अमेरिकेत एक बोलकी पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती, अशा ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या, शेकडा ५२ जणांच्या, मणक्यांमधली गादी कोठे ना कोठे फुगलेली निघाली. सर्व गाद्या ठीक असलेले शेकडा ३६ च! केस पिकतात तशा गाद्याही सुकतात. तेव्हा अहवालातला 'डिस्क बल्ज' हा शब्द वाचून हातपाय गाळण्याचे आणि लगेच शस्त्रक्रियेची वाट धरण्याचे कारण नाही. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. मात्र पायांत बधिरपणा वा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग किंवा मोठा मार, यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये.

यंत्र पाण्याचा नकाशा काढते. त्या नकाशावरून रोग्याची वाट ठरवावयाची ती डॉक्टरने, रोग्याला तपासून आणि त्याचे ऐकून. म्हणून "एमआरआय काढा" असे सांगितले, की दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत. यातून आपण काय शोधतो आहोत? आणि चित्रात काही निघाले किंवा न निघाले, तर उपचारांत फरक काय पडेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जुन्या फिल्मा आणि अहवाल जपून ठेवावेत. पुढच्या वेळी ताडून पाहावयास त्यांच्यासारखे साधन नाही, आणि कधी कधी दुसऱ्यांदा काढण्याचा खर्चही वाचतो.

आपल्या देशात पहिला एमआरआय १९८६ साली दिल्लीत आला. तेव्हापासून बहुतेक यंत्रे परदेशांतूनच येत राहिली, आणि खर्च मोठा असण्याचे ते एक कारण आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीच्या आवारातील 'समीर' या सरकारी संस्थेने देशी यंत्र बनवण्याचे काम अंगावर घेतले असून त्याच्या चाचण्यांसाठी २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. ही यंत्रे स्वस्त होऊन तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली, तर किनवटच्या आणि निलंग्याच्या माणसाची एक खेप आणि एका दिवसाची मजुरी वाचेल. तोवर खिशातला अडकित्ता बाहेर ठेवावा, मनातली भीतीही बाहेर ठेवावी, आणि डॉक्टरांना विचारावयाचे ते दोन प्रश्न मात्र बरोबर न्यावेत.